चंद्रावरच्या कॉमिक-गेममध्ये उडी रटाळ वाटतेय, काय करू?

दादरच्या एका शाळेसाठी करतोय. चांद्रयान-3 चा 'विक्रम' लँडर 23 ऑगस्ट 2023 ला उतरला, त्याच परिसरात गोष्ट घडते. गुरुत्व चंद्राचं, 1.62 मी/से² ठेवलं, पण पात्र खाली यायलाच तयार नाही. शिवाय संवादाच्या फुग्यातली जोडाक्षरं फुटतात.

गिरगावकर: उडीचा वेग पृथ्वीचाच राहिलाय. सेकंदाला 3.13 मीटर वेगाने पृथ्वीवर अर्धा मीटर उडी होते. चंद्रावर तीच तीन मीटर, हवेत जवळपास 3.9 सेकंद! गुरुत्वाला हात लावू नका, मुलं तेच शिकणार आहेत. वेग 1.8 करा: उंची एक मीटर, वेळ 2.2 सेकंद. धूळ मात्र तरंगवू नका. हवा नाही, कण सरळ कमानीत खाली पडतात.

चौकटवाली: आवाजही नाही, म्हणून 'धप्प' मोठ्या अक्षरांत चितारा. कॉमिकची खरी मजा तिथेच! अक्षरं फुटतात कारण मजकूर एकेक युनिकोड चिन्हाने उमटतोय; 'क्षि' अख्खं एकदम यायला हवं. ग्राफीम क्लस्टरने (वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारा चिन्हांचा गट) तोडा, ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वेलांट्या कापल्या जातात.

गिरगावकर: सावल्याही तपासा. 'विक्रम'च्या जागी, 69 अंश दक्षिण अक्षांशावर, भरदुपारीही सूर्य साधारण 21 अंशांवरच, म्हणजे सावली उंचीच्या अडीचपटीहून लांब.