ओपन जिमला पैसे आहेत, पोरींना खेळवणाऱ्या बाईला नाहीत. खर्चाच्या कुठल्या हेडमध्ये बसवू?

माणकाठ लिहिते:

नमस्कार. मी माण-खटावच्या बाजूच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच टर्म. घरी शेती, दोन म्हशी आणि मिस्टरांचं पंक्चरचं दुकान. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितलं नाही तर निम्मे जण "बीडीओंना भेटा" एवढंच लिहितील. त्यांना भेटून झालंय.

शाळेच्या मागं वीसेक गुंठे मोकळी जागा आहे. नमुना ८ ला, म्हणजे मालमत्तांच्या नोंदवहीत, ग्रामपंचायतीच्या नावानं नोंद आहे, गायरान नाही, म्हणजे तो घोळ नाही. सकाळी पोलीस भरतीची पोरं तिथं धावतात. संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट. पोरी सातवीपर्यंत शाळेत खो-खो खेळतात. आठवीपासून हायस्कूल पाच किलोमीटरवर. एसटीनं घरी यायला साडेपाच, मग भांडी, धार, अभ्यास. त्यानंतर मैदानात एखादी पोरगी दिसलीच तर ती शेळी हुडकत आलेली असते.

गेल्या वर्षी त्या जागेच्या कोपऱ्यात ओपन जिम बसली. सहा नग. फोटो निघाले, नारळ फुटला. एअर वॉकरचा एक पाय पावसाळ्याच्या आत निखळला. लेग प्रेसवर आता म्हातारी माणसं बसून तंबाखू मळतात. त्याचं मला वाईट वाटत नाही, तिथं बाक हवाच होता. पण बाक फार स्वस्तात झाला असता.

यंदाच्या आराखड्यात सरपंचांना जिमचा दुसरा सेट आणि वर कमान घ्यायची आहे. मी म्हटलं, त्याऐवजी पोरींसाठी खो-खोचं मैदान करा आणि संध्याकाळी खेळवायला एक बाई ठेवा. बाई गावातच आहे. लग्न होऊन आलेली, विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेली आणि भरतीची वाट बघत घरात बसलेली. रोज दीड तास यायला तयार आहे, महिन्याला तीन हजारात. भाऊसाहेब (आमचे ग्रामसेवक) म्हणाले, "मॅडम, वस्तू सांगा, माणूस सांगू नका."

मी चौकशी केली तर खरंच तसं आहे. केंद्राच्या वित्त आयोगाकडून येणारा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, पैसासुद्धा पगार आणि आस्थापनेवर खर्चता येत नाही. क्रीडा खात्याच्या क्रीडांगण विकास अनुदानात सपाटीकरण, धावपट्टी, कुंपण, साहित्य हे बसतं, माणूस तिथंही नाही. शाळेत शिक्षक मागावा तर शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असली तरच शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा. आमची सहावी-सातवी मिळून चाळीस.

सभेत विषय काढला की कुणीतरी उठून धावपटू ललिता बाबरचं नाव घेतं. तिचं गाव मोही आमच्यापासून काही लांब नाही. ती पण आधी खो-खोच खेळायची आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अभिमान मलाही आहे. पण मला ललिता बाबर घडवायची नाहीये. घडली तर पेढे मी वाटीन. मला एवढंच पाहिजे की दहावी-बारावीच्या पंचवीस-तीस पोरींनी रोज घामाघूम होऊन घरी यावं, बस्स. त्यातल्या कुणाला मेडल नको, सर्टिफिकेट नको.

तर मानधन कुठून काढू? आणि सरपंचांशी वैर न घेता तो दुसरा सेट कसा थांबवू?

---

निवृत्त_शिट्टी:

ताई, भाऊसाहेब खोटं बोलत नाहीत, पण पुरतं सांगतही नाहीत. मी हायस्कूलला पीटी शिकवून निवृत्त झालो, आता गावच्या आराखड्यात नाक खुपसतो. हेड बदला.

वित्त आयोग सोडा, स्वउत्पन्नाकडे या. घरपट्टी-पाणीपट्टी वगैरेतून जे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ते अंगणवाडीच्या खुर्च्या आणि हळदीकुंकवाच्या वाणात जातात. तिथं "मुलींसाठी खेळ प्रशिक्षण" असा विषय घ्या. पगार हा शब्द कुठंही येऊ देऊ नका, प्रशिक्षकाचं मानधन म्हणा. आमच्या गावात असंच बसवलं, ऑडिटला तक्रार आली नाही. झेडपीच्या महिला बालकल्याण समितीकडे मुलींच्या ज्यूदो-कराटे प्रशिक्षणाची योजना असते, तीही विचारून ठेवा. शिकवणाऱ्याला पैसे देण्याची सरकारला सवय नाही असं नाही.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या छोट्या केंद्रांत तर एकरकमी ५ लाख आणि शिवाय दरवर्षी ५ लाख मिळतात, त्यात प्रशिक्षकाचं मानधन धरलेलं आहे. पण ती केंद्रं जिल्ह्याच्या हिशोबानं आणि जुन्या नामांकित खेळाडूंनी चालवायची. तुमच्या बाईंचा तिथं नंबर लागणं अवघड, त्यामागं धावण्यात वर्ष घालवू नका.

आता वित्त आयोगाचा उपयोग सांगतो. त्याचा मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला. मैदानाच्या कडेला मुलींसाठी स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ घ्या, तो सरळ त्यात बसतो. दिवे गावच्या दिवाबत्तीच्या हेडमधून. मोठ्या पोरी मैदानात थांबत नाहीत याचं अर्धं कारण संडास नसणं हे असतं, हे मी नोकरीत फार उशिरा कुणाकडून तरी ऐकलं, कारण पोरी सरांना सांगत नाहीत.

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. भोवतीची मोकळी कड धरून पाच-सहा गुंठे पुरतात, म्हणजे क्रिकेटवाल्यांचंही काही बिघडत नाही. खांब दोन, जमिनीवर चार फुटांच्या आसपास उंच, गुळगुळीत. सुताराकडून करून घ्या, कॅटलॉगमधून नको.

---

अंदाजपत्रक:

मी बांधकाम खात्यात आहे, कुठल्या ते विचारू नका.

ओपन जिमच का, याचं उत्तर लोक नेहमी "टक्केवारी" असं देतात. तीही असते, नाही म्हणत नाही. पण त्याखेरीज एक साधी गोष्ट आहे. जिम म्हणजे एक दरपत्रक, एक पुरवठा आदेश, एक दिवसाचं काम, एक बिल. मार्चएंडला निधी परत जाणार असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही. मैदानाचं सपाटीकरण म्हणजे मोजमाप पुस्तिका, लेव्हल, मुरमाच्या खेपा, आणि एक पाऊस पडला की तपासणीला आलेल्या साहेबांना वाटतं इथं काही झालंच नाही. आणि शिकवणाऱ्या बाईचा तर जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटोही काढता येत नाही. काम दिसलं पाहिजे, नगात मोजता आलं पाहिजे, एवढ्यावर आमची सगळी पद्धत उभी आहे.

म्हणून वैर न घेता सांगायचं असेल तर सरपंचांना दिसणारं काहीतरी द्या. कमान राहू द्या, लहान करा. दुसऱ्या सेटच्या रकमेत मुरूम, रोलर फिरवणं, खांब, दोन बाजूंची जाळी आणि रंगवलेला बोर्ड सुचवा. बोर्डावर त्यांचं नाव ठळक. तुमचं काय जातंय?

तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली. चांगलंच आहे. पण साडेपाचच्या एसटीतून उतरलेली पोरगी खेळायला परत तालुक्याला जाणार नाही. तिच्यासाठी मैदान म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तेवढंच.

---

ट्रॉन्डहाइमकर:

मूळ कराडचा, आता नॉर्वेत. इथली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तुमचा नेमका पेच यांनी सोडवलाय. सरकारी लॉटरी कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा, ६४ टक्के, खेळाला जातो. त्यातून मैदानं तर होतातच, पण एक वेगळा भाग थेट गावोगावच्या क्लबांना मिळतो, बांधकामासाठी नाही, फक्त खेळवण्यासाठी. ६ ते १९ वयाची किती मुलं क्लबात आहेत त्यावर रक्कम ठरते. माझ्या मुलीच्या हँडबॉल क्लबात शिकवणारे बहुतेक पालकच, फुकट. मीही शनिवारी वॅफल विकायला उभा असतो. शिवाय तेरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय स्पर्धा नाहीतच.

भुईंजकर: नॉर्वेत पोरी घरी येऊन धार काढतात का?

ट्रॉन्डहाइमकर: नाही काढत. मान्य. पण मुलं मोजून पैसे देणं आपल्याला जड जाऊ नये, पोषण आहाराचा तांदूळ आपण पटावरच देतो की.

---

खांबावरची:

माणकाठताई, मी खो-खो खेळलेली, आता दोन गावांत पोरींना खेळवते. पैशाचं वरच्या सरांनी सांगितलं. पोरी कशा येतात ते मी सांगते, कारण मानधन मंजूर होऊन पोरी आल्या नाहीत तर पुढच्या वर्षी तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

वेळ साडेपाच नको. धार सुटल्यावर, साडेसहा. म्हणून दिवे आधी, खांब नंतर. पहिल्या पंधरवड्यात बाईंनी आणि तुम्ही दोघींनी घरोघर जायचं. आईला नाही, आजीला भेटायचं. आमच्या भागात परवानगी आजीची लागते. क्रिकेटच्या पोरांशी भांडू नका, त्यांच्यातल्याच दोघांना रेषा मारायला आणि मैदानावर पाणी मारायला लावा. चार दिवस शेरेबाजी होईल, पाचव्या दिवशी तेच इतरांना गप्प करतात. टी-शर्ट-ट्रॅकपँटचा आग्रह धरू नका. आमच्याकडे निम्म्या पोरी वर्षभर पंजाबी ड्रेसवर ओढणी बांधून खेळल्या. आणि कृपा करून पहिल्या वर्षी स्पर्धा ठेवू नका. स्पर्धा म्हटली की बारा जणी निवडल्या जातात आणि बाकीच्या घरी बसतात.

"पोरी घरकाम करतातच की, तो व्यायामच," असं कुणीतरी म्हणेलच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा १४६ देशांचा अभ्यास आला होता. जगातली पाचातली चार किशोरवयीन मुलं दिवसाला तासभरही अंग हलवत नाहीत असं त्यात निघालं, आणि भारतातल्या मुलींचा आकडा थोडा बरा दिसतो तो कदाचित घरकामामुळं, असंही म्हटलं होतं. वाचून मला हसावं का रडावं कळेना. पाण्याची कळशी वाहण्यात दम लागतो, पण खो मिळाल्यावर उठणाऱ्या पोरीच्या तोंडावर जे दिसतं ते कळशीत नाही.

आयांना पटवायला जानेवारी २०२५ चा पहिला खो-खो विश्वचषक मोबाईलवर दाखवा. आपल्या बायकांनी जिंकला, कॅप्टन प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. हे मी मेडलसाठी सांगत नाहीये. मी दाखवला तेव्हा एक आई म्हणाली, "अगं, हे तर आपलंच की!" दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही पोरी आल्या.

---

माणकाठ:

सगळ्यांचे आभार. आज भाऊसाहेबांकडं बसून हिशोब काढला. गेल्या वर्षी स्वउत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास. दहा टक्के म्हणजे पंचेचाळीस हजार. त्यातले पंधरा अंगणवाडीच्या खेळण्यांत आणि महिला दिनाच्या कार्यक्रमात जातात. तीस उरतात. परीक्षेचा महिना आणि मे सोडला तर दहा महिन्यांचं मानधन अगदी काठोकाठ बसतंय. वसुली झाली तर. म्हणून आता घरपट्टी थकलेल्यांच्या दारात मलाच जावं लागणार, त्यात आमचे चुलत सासरे पहिले.

अंदाजपत्रक, तुमचा बोर्डाचा उपाय सरपंचांना आवडला. ते लगेच "फोटो पण टाकू" म्हणाले. टाका म्हटलं.

खांबावरची ताई, आजीचं अगदी बरोबर. माझ्याच सासूबाईंनी विचारलं, "रात्री साडेसातला पोरी परत कुणाबरोबर येणार?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता गल्लीवार गट करून मोठ्या पोरीनं सोडायचं ठरवतोय. सासूबाईंनीच आमच्या गल्लीचं अंगावर घेतलंय, त्यांना तेवढंच फिरणं.

ग्रामसभेत ठराव कसा लिहून द्यायचा? भाऊसाहेब म्हणाले, मजकूर तुम्हीच आणा.

---

निवृत्त_शिट्टी:

हा घ्या. शब्द बदलू नका:

"गावातील इयत्ता पाचवी ते बारावीच्या सर्व मुलींसाठी शाळेमागील ग्रामपंचायतीच्या जागेत दररोज सायंकाळी खेळ प्रशिक्षण वर्ग चालविण्यास व त्यासाठी महिला प्रशिक्षकास दरमहा रु. ३,००० मानधन महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून देण्यास ही सभा मंजुरी देत आहे. उपस्थितीची नोंदवही दरमहा मासिक सभेपुढे ठेवावी."

"सर्व मुलींसाठी" हे तीन-चारदा वाचून घ्या, टाइप करताना ते "निवडक" होतं. नोंदवहीचं वाक्य काढू देऊ नका, पुढच्या वर्षी पैसे त्यावरच मिळतील. सूचक तुम्ही होऊ नका, एखाद्या आजीला करा, अनुमोदक सरपंच. मिनिटबुकात ठराव क्रमांक पडल्याशिवाय सभेतून उठू नका, आणि नक्कल त्याच आठवड्यात मागून ठेवा.

खांब पुरताना खाली एक फूट जास्त घ्या. तुमच्याकडच्या मुरमात ते हलतात.