व्हॉल्व्ह ज्युनिअरचा टोन सुधारायचाय, सुरुवात कुठून करू?

सहावी_तार:
एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनिअर कॉम्बो (ट्यूबवाला गिटार ॲम्प, स्पीकर त्याच खोक्यात) आहे. ५ वॅट, ८ इंची स्पीकर, हीटरला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) एसी जाते ती सुरुवातीची आवृत्ती. हंबकरवाली (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार लावून व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की खालच्या तारांचा नुसता गाळ होतो. वाजवत नसताना हमही (घूं असा आवाज) बराच आहे. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. भारीतल्या कपॅसिटरचा सेट मागवू का? बजेट पाचेक हजार. पुण्यात असतो.

ईएल_काका:
सेट मागवू नका. आधी फुकटातली तपासणी करा. कुणाकडे १२ इंची कॅबिनेट असेल तर ओहम जुळवून त्यावर ऐका. निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते, कारण दोष त्या इवल्याशा स्पीकरचा आणि खोक्याचा असतो. स्पीकर न जोडता ॲम्प वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं.

दुसरी फुकटातली नाही, पण स्वस्त गोष्ट: १२एएक्स७ च्या (प्रीॲम्पच्या ट्यूबच्या) जागी ५७५१ लावून पाहा. पिना त्याच, गेन १०० ऐवजी ७०. हंबकरला बऱ्याचदा एवढं पुरतं.

उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपवायरनं कपॅसिटरच्या प्लस टोकापासून चॅसिसला दहा सेकंद लावा, मग मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. मीटरवर विश्वास ठेवा, अंदाजावर नाही.

चारशे_सत्तर_के:
गाळाबद्दल. सगळीकडे ‘कपलिंग कपॅसिटर २२ नॅनोचा १० नॅनो करा’ असं छापील उत्तर मिळतं (कपलिंग म्हणजे दोन स्टेजना जोडणारा). पुढचा व्हॉल्यूम पॉट १ मेगाओहमचा असेल तर २२ नॅनोचा कटऑफ (ज्याच्या खाली आवाज उतरत जातो) ७ हर्ट्‌झवर येतो आणि १० नॅनोचा १६ वर. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्‌झची. म्हणजे ऐकू काहीच येणार नाही, फक्त सोल्डर खर्च होईल. फरक हवा तर २.२ नॅनो (७२ हर्ट्‌झ) लावा. १ नॅनोला १६० च्या आसपास कटतं, सिंगल कॉइलवर ते अगदीच किरटं वाटतं. ४०० व्होल्टचा साधा पॉलिस्टर चालतो. ब्रँडपेक्षा किंमत, म्हणजे नॅनोफॅरडमधली, महत्त्वाची.

पहिल्या स्टेजच्या कॅथोडला (पिन ३ किंवा ८, बोर्डावर ट्रेस करून बघा) समांतर इलेक्ट्रोलिटिक आहे का? दीड किलोओहमला २२ मायक्रो असेल तर तो काढून ०.६८ मायक्रो लावा. साधारण ३०० हर्ट्‌झच्या खाली गेन हळूहळू उतरतो, वर तसाच राहतो. कपॅसिटर मुळात नसेल तर गेन आधीच निम्म्यावर आहे (साधारण ६० च्या जागी ३२). मग तिथे हात लावू नका. एका वेळी एकच बदल, मध्ये वाजवून बघा. दोन्ही एकदम केलेत तर आवाजातला सगळा ऐवज गेला म्हणून परत इथेच याल.

सुटे भाग तपकीर गल्लीत मिळतील.

हमहमके:
हम कुठून येतो ते आधी ठरवा. ॲम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. हम तसाच असेल तर पॉवर सप्लाय किंवा ईएल८४ ची (पॉवर ट्यूबची) बाजू. गेला तर पहिल्या ट्यूबचं हीटर, किंवा इनपुटचं वायरिंग. कान तयार असेल तर सूरही सांगतो: ५० हर्ट्‌झ म्हणजे हीटर, १०० म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर). सिंगल एंडेड (एकाच पॉवर ट्यूबच्या) ॲम्पमध्ये पुश-पुलसारखा (जोडीनं उलटसुलट चालणाऱ्या ट्यूबसारखा) रिपल आपसूक कटत नाही, तो थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला जातो.

हीटरच्या दोन्ही तारांपासून १०० ओहमचे दोन अर्ध्या वॅटचे रेझिस्टर घ्या आणि त्यांचं मधलं टोक चॅसिसऐवजी ईएल८४ च्या कॅथोडला (पिन ३) जोडा. तिथले १० व्होल्ट हीटरला वर उचलतात, हम उतरतो. हीटरचं एक टोक किंवा सेंटर टॅप आधीच ग्राउंड असेल तर ते आधी सोडवा.

सहावी_तार:
मोजलं. मेन्स २४४. ईएल८४ पिन ७ (प्लेट) वर ३३४ व्होल्ट, पिन ३ वर ११.२, कॅथोड रेझिस्टर २७० ओहम. १२एएक्स७ काढल्यावर हम तसाच, आणि जाडसर, १०० वालाच वाटतो.

ईएल_काका:
११.२ भागिले २७० म्हणजे ४१.५ मिलिअँपिअर. स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) साडेतीन वजा केले तर ३८. गुणिले ३२३ व्होल्ट (३३४ वजा ११.२), सव्वाबारा वॅट. ईएल८४ ची प्लेटची मर्यादा १२ वॅट आणि ३०० व्होल्ट. ट्यूब भाजतेय.

हमहमके:
मग हम आणि उष्णता दोन्ही एकाच कामात निघतील. पहिल्या फिल्टर कपॅसिटरनंतर ४७० ओहम ५ वॅट मालिकेत, त्यानंतर ४७ मायक्रो ४५० व्होल्ट ग्राउंडला. २० व्होल्ट उतरतील आणि १०० हर्ट्‌झचा रिपल चौदा पटीनं कमी होईल. ट्यूब तापेपर्यंत व्होल्टेज आणखी चढतं, म्हणून ४०० चा कपॅसिटर नको. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्क्रीन आणि प्रीॲम्प या तिघांचंही फीड या नव्या जोडाच्या *नंतर* घ्या. फक्त प्लेटचं व्होल्टेज उतरवून स्क्रीन वर ठेवलीत तर करंट जवळजवळ तेवढाच राहतो, पेंटोडचा (ईएल८४ सारख्या ट्यूबचा) स्वभावच तो.

सहावी_तार:
मग २७० चा रेझिस्टर बदलायचा का?

ईएल_काका:
नको. हे केल्यावर कॅथोडला साडेदहाच्या आसपास यायला हवं, म्हणजे पावणेअकरा वॅट. त्याहून जास्त आलं तरच ३३० ओहम २ वॅट. आणि तो ४७० वाला गरम होतो, बोर्डापासून पाच मिलिमीटर उचलून बसवा, नव्या कपॅसिटरला टेकवू नका.