युरोप-अमेरिकेत हॉटेलात टिप किती द्यायची?

पाचपाखाडीची सून, ठाणे:
मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन रोम, व्हेनिस, पॅरिस आणि तिथून नणंदेकडे न्यू जर्सीला चाललोय. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपणच. इथे बडीशेपेच्या ताटलीत सुटे ठेवतो तसं तिकडे चालतं का?

घोडबंदरवाला:
सगळीकडे १० टक्के ठेवा आणि मोकळे व्हा.

नेरुळचे काका:
ताई, असं करू नका. मी बरीच वर्षं अमेरिकेत वेटरचं काम केलंय, म्हणून राहवलं नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतं. बाकीचं किमान वेतन टिपमधून भरून निघतं. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. न्यू जर्सीत तो जास्त आहे, पण पोट टिपवरच. टेबलावर वाढलं असेल तर करापूर्वीच्या रकमेवर १८-२० टक्के द्याच. १० टक्के ठेवले की त्या पोराला वाटतं, आपलं काय चुकलं?

युरोपात उलट. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात, वर काही देणं लागत नाही. आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. इटलीत बऱ्याच ठिकाणी मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात 'कोपेर्तो' दिसेल. ते टेबलाचे आणि ब्रेडचे, साधारण माणशी दीड ते तीन युरो. ब्रेडला हात लावला नाही तरी लागतात, म्हणून बिलावर भांडू नका. 'सेर्वित्सियो' म्हणजे सेवेचे पैसे लावले असतील तर टिप त्यातच आली.

व्हेनिसला सान मार्को चौकात वाद्यं वाजत असताना कॅफेत बसलात, तर संगीताचे माणशी वेगळे लावतात. सासऱ्यांचे पाय दुखत नसतील तर कॉफी आतल्या काउंटरवर उभ्यानेच घ्या, बरीच स्वस्त पडते.

पाचपाखाडीची सून, ठाणे:
खूप आभार काका! पाण्याचं काय? सासूबाईंना सारखं लागतं.

नेरुळचे काका:
पॅरिसमध्ये 'कराफ दो' मागा, नळाचं पाणी फुकट देतात. इटलीत बहुतेक बाटलीच आणतात आणि ती बिलात येते. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या.

वाशी सेक्टर १७:
अमेरिकेत कार्डाच्या मशीनवर काउंटरच्या कॉफीलाही २० टक्के विचारतात. तेही द्यायचे?

नेरुळचे काका:
तिथे 'नो टिप' दाबलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मात्र सहा-आठ जण एकत्र जेवलात तर बिल नीट वाचा, 'ग्रॅच्युइटी' म्हणजे टिपच, बऱ्याचदा आधीच लावलेली असते. ती असेल तर पुन्हा टिप देऊ नका.