मदत हवी आहे : रोज लपवून बाळगायला छोटं पिस्तूल की पूर्ण आकाराचं?

परवाना आहे, प्रशिक्षण झालंय, दोन्ही पिस्तुलं ९ मिमीची आहेत. एक ग्लॉक १७ (नळी ४.४९ इंच, १७ गोळ्या), दुसरं सिग पी३६५ (नळी ३.१ इंच, १० गोळ्या). बाळगायची जागा कमरपट्ट्याच्या आत, पुढच्या बाजूला. वर सैल शर्ट, दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर बसून.

मोठ्याची अडचण नळी नाहीच, मूठ आहे. वाकलं की मुठीची मागची कड शर्टातून टोचून दिसते. होल्स्टरला (पिस्तुलाच्या म्यानाला) क्लॉ, म्हणजे पट्ट्यावर दाबून मूठ अंगाकडे वळवणारा छोटा पंख, आणि खाली फोमची पाचर लावली, जाड कडक पट्टा घेतला. उभं असताना मूठ अंगाशी बसते, बसल्यावर पुन्हा बाहेर येते.

छोटं अजिबात दिसत नाही, पण करंगळी मुठीखाली लोंबकळते. पहिली गोळी नेमकी जागी, दुसरी-तिसरी मात्र डावीकडे खाली जाते, कारण झटक्यानंतर पकड सरकते आणि ती सावरताना सगळी बोटं आवळली जातात. घाईत मॅगझिन बदलताना तळहाताची कातडी चिमटते, तेही आहेच. ट्रिगर बदलायचा नाही, बॅगेत किंवा घोट्याला बाळगायचं नाही.

छोट्या पिस्तुलाला करंगळीपुरता वाढीव तळ असलेलं १२ गोळ्यांचं मॅगझिन लावलं तर पकड खरंच सुधारते, की लपवण्याचा फायदाच जातो? की ग्लॉक १९ सारखा मधला आकार घ्यावा? दोन्ही रोज वापरलेल्यांनी सांगा, बसल्यावर कोणाची मूठ कमी दिसते?