तिघांना व्हायरल ताप: काढा द्यावा की आयव्हरमेक्टिन?

पलूसची_सून:
घरात तिघांना ताप आहे, आज दुसरा दिवस. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी रोज चालू. मिस्टर ४१. मुलगी ४ वर्षांची, वजन १४ किलो. ताप १०१-१०२, सर्दी, घसादुखी, अंगदुखी. डॉक्टरांनी व्हायरल सांगून फक्त पॅरासिटामॉल दिलंय. शेजारचे म्हणतात, आयव्हरमेक्टिन आणि अझिथ्रोमायसिन तीन दिवस घ्या, करोनात सगळ्यांनी घेतलं होतं. सासूबाईंचा भर काढ्यावर: तुळस, आलं, मिरी, ज्येष्ठमध, गुळवेल, दिवसातून चार वेळा. काय द्यावं?

मिरज_फार्मसी:
ताई, आयव्हरमेक्टिन कुणालाच देऊ नका. ते जंत आणि खरजेचं औषध आहे. २०२० मध्ये प्रयोगशाळेत पेशींवर टाकल्यावर करोनाचा विषाणू कमी झाला, तिथून त्याचा बोलबाला सुरू झाला. पण ती मात्रा इतकी मोठी होती की नेहमीच्या गोळीने रक्तात तिच्या आसपासही पोचता येत नाही. पुढे ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीत खरी गोळी आणि औषध नसलेली नकली गोळी यांत फरक दिसला नाही, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडच्या करोना उपचार सूचनांमधूनही ते वगळलं गेलं. साधा व्हायरल ताप बहुतेक वेळा ३ ते ५ दिवसांत आपोआप उतरतो, मग चौथ्या दिवशी हातात असलेल्या गोळीला श्रेय मिळतं. तुमच्या मुलीचं वजन तर १५ किलोच्या आत आहे. एवढ्या लहान मुलांत हे औषध सुरक्षित असल्याचं सिद्धच झालेलं नाही. गोठ्यात जनावरांसाठी ठेवलेल्या याच औषधाच्या इंजेक्शनच्या बाटलीला तर हातही लावू नका.

अझिथ्रोमायसिन जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. वयस्कर माणसात ते हृदयाची लय बिघडवू शकतं. आणि नाव नसलेल्या सुट्ट्या गोळ्यांची कागदी पुडी कुणी दिली तर परत करा. त्यात स्टेरॉइड असलं तर ताप झटकन उतरतो, आजार मात्र आत वाढत राहतो.

एक औषध मात्र खरंच विषाणूवर चालतं: फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर. पण ते ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी. सासूबाईंचं वय ६५ च्या वर आहे, म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टरांना आजच विचारा, उद्यावर टाकू नका.

हळकुंड_सांगली:
काढ्यातून ज्येष्ठमध आधी काढा. त्याने बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, म्हणजे सासूबाईंच्या गोळीच्या नेमकं उलट. गुळवेलही नको: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले होते, आणि पॅरासिटामॉलचा भारही यकृतावरच असतो. तुळस, आलं, दोन-तीन मिरी एवढंच उकळा. एक कप, दोन वेळा, काहीतरी खाल्ल्यावर. उपाशीपोटी चार वेळा प्यायलं की छातीत जळजळ होते आणि जेवण सुटतं.

गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून ३-४ वेळा. लहान मुलं पाणी गिळतात, म्हणून मुलीला नको. तिला झोपताना अर्धा चमचा मध द्या, खोकला हलका होतो. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही.

हळदीचं दूध आपल्या सांगलीत कोण नाकारणार? पाव चमचा हळद पुरे. पण तिच्यातलं कामाचं द्रव्य, कुरकुमिन, साधारण ३ टक्के, आणि तेही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. घशाला बरं वाटतं, विषाणू मरत नाही. मुलीला भांड्यातली वाफ देऊ नका. भांडं कलंडून मांड्या भाजतात.

पलूसची_सून:
मुलीला पॅरासिटामॉल किती?

मिरज_फार्मसी:
किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला सुमारे २०० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीत २५०' असेल तर ४ मिली, '५ मिलीत १२५' असेल तर ८ मिली. इथेच घोळ होतो, म्हणून आकडा वाचा आणि सोबतच्या मापानेच द्या. सहा तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त चारदा. मोठ्यांना ५०० ते ६५० मिलिग्रॅम, तेवढ्याच अंतराने. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम नकोत. हा ताप डेंगीचा नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन बंद.

डेंगीत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, मुलीला सहा तास लघवी नाही, सासूबाईंना धाप किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली: यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.