अस्सल पत्र की नक्कल?

टाकसाळ: काल इथे कुणीतरी लिहिलंय, ‘प्रदर्शनात मोडी पत्रांच्या नकला लावणं ही फसवणूक. स्वतंत्र क्युरेटरला अस्सल कागद मिळवता येत नसतील तर त्याने काम घेऊ नये.’ अहो, कागदाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको. रोज ८ तास धरले तरी ९० दिवसांत ३६,००० लक्स-तास होतात. एवढा उजेड खाल्ला की तो कागद दप्तरखान्यात परत. तुमचं दालन मात्र कायमचं!

काजळी: लिहिणारा मीच. मोडीची शाई काजळाची, उजेडाने उडत नाही. ५० लक्सचा बाऊ साहेबाच्या शाईसाठी करा.

टाकसाळ: शाई नाही उडत, मान्य. खालचा कागद पिवळा पडतो त्याचं काय? आणि हीच शाई पाणी लागलं की पसरते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर, बुरशीला ६५-७० पुरते. म्हणे ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवू! मांडणीची पेटी एमडीएफची, म्हणजे भुशाच्या दाबीव फळीची, रंग आदल्या रात्रीचा. त्यांची वाफ आतच कोंडते आणि कागदाला खाते.

तिथीवाला: अस्सल लावा नाहीतर नक्कल, आधी पाटीवरची तारीख नीट लिहा. शिवराज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४, पण जुन्या ज्युलियन कॅलेंडरने. आजच्या ग्रेगोरियनने १६ जून. इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियनवर, गोव्याचे पोर्तुगीज मात्र शिवकाळातच ग्रेगोरियनवर. दोघांची पत्रं शेजारी लावली की एकाच दिवसात दहा दिवसांचं अंतर.

काजळी: बघणाऱ्याला काय फरक पडतो?

तिथीवाला: पडतो! इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. वखारीचं ‘फेब्रुवारी १६७३’ म्हणजे आपलं १६७४. पाटीवर तसंच छापलंत तर राज्याभिषेकाच्या चार महिने आधीचं पत्र सोळा महिने आधीचं होतं.

टाकसाळ: मराठी पत्रात ‘अर्बा सबैन अलफ’ असेल तर? तो शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं १०७४. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृग ६००.

काजळी: पंचांग मिटा आता! पाटीला चाळीस शब्द, त्यात तीन कालगणना?

तिथीवाला: पत्रातली तिथी जशीच्या तशी, खाली एकच तारीख, पुढे ‘ज्यु.’ किंवा ‘ग्रे.’. दोन अक्षरं जड झाली?

काजळी: बरं बाबा. तीन महिने अस्सल, मग नक्कल. पण ‘प्रतिकृती’ ठळक लिहा, कोपऱ्यात आठ पॉइंटात नको.

टाकसाळ: ५० लक्सला आठ पॉइंट वाचणार कोण? अठरा तरी घ्या.