मदत हवी आहे : मुलं जागी असताना ताकदीचे व्यायाम कसे करता?

धाकटा ८ महिन्यांचा, थोरली अडीच वर्षांची. पहाटे उठून पाहिलं, पण मी अंथरुणातून हलले की धाकटा टक्क जागा. दुपारी दोघं एकाच वेळी झोपतील तर शप्पथ! नवऱ्याची शिफ्ट फिरती, म्हणून ठरावीक वेळेचा क्लास बाद. डॉक्टरांची हरकत नाही. फक्त उड्या आणि प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरून राहणं) नको, बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू अजून पूर्ण जुळले नाहीत. बाबागाडी ढकलत आठवड्याला १५० मिनिटं चालणं होतं. अडतंय ते ताकदीच्या व्यायामाचं. चटईवर आडवी झाले की थोरली पोटावर स्वार (तिला तो खेळच वाटतो). मुलं जागी असतानाच दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून कोणी नियमित करतंय का? उभ्याने करायचे कोणते प्रकार घेता, आणि मध्येच उठावं लागलं तर पुन्हा पहिल्यापासून की तिथूनच पुढे?